पानवेलीचे शेवटचे दोन डोळे

मित्रांनो, मी पाच लिटरचा एक जुना प्रेशर कुकर आहे आणि शांत बसणं मला जन्मात जमलेलं नाही. आत्ता तुमच्याशी बोलतानासुद्धा माझं झाकण थरथरतंय, बघा!

माझा जन्म पुण्याजवळच्या एका कारखान्यातला. ॲल्युमिनियमची एक चपटी थाळी, वरून यंत्राचा जबरदस्त दाब, आणि मी तयार! तुळशीबागेतल्या दुकानात सुलेखाताईंनी मला टकटक वाजवून निवडलं. मग त्यांचे यजमान यशोधन यांना जर्मनीत सॉफ्टवेअरची नोकरी लागली, आणि पोटात गोडा मसाला न् पायमोजे कोंबून घेऊन मीही विमानातून आखन गावी आलो. आठ वर्षं मी वरणभात शिजवला. आखनच्या विद्यापीठात शिकणारी मराठी मुलं जेवायला आली की म्हणायची, “ताई, असा मऊ भात फक्त तुमच्याच घरी!” मी फुगून जायचो.

आणि मग एक दिवस घरात चकचकीत जर्मन कुकर आला. शिट्टी न वाजवणारा! मला उचलून ठेवलं वरच्या फळीवर. माझं रबर वाळायला लागलं. खाली फोडणी चुरचुरायची, आणि मी वर नुसता तळमळत बसायचो. शिट्टी वाजवावी असं किती वाटायचं, पण आत वाफ नको का?

दोन हजार सहा सालच्या जानेवारीत मला खाली उतरवलं ते वल्लरीने. वल्लरी म्हणजे सुलेखाताईंची चौदा वर्षांची मुलगी. तिचे डोळे रडून लाल झाले होते.

झालं होतं असं. तिचे आजोबा, आत्माराम आजोबा, वसईचे. तिथे त्यांची पानवेलींची वाडी होती. आखनला आले तेव्हा त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळून वेलीचा एक तुकडा आणला आणि कुंडीत लावला. पुढे ती वाडी विकली गेली आणि तिथे इमारत उभी राहिली. त्यांच्या वाडीतली तेवढी एकच वेल उरली होती, तीही वल्लरीच्या खिडकीत. नाताळच्या सुट्टीत सगळे बर्लिनला गेले. वेलीला थंडी वाजू नये म्हणून वल्लरीने कुंडी उचलून थेट हीटरवर ठेवली! परत आले तेव्हा मुळं मेलेली आणि खोड खालून काळं. पाण्यात लावलेले तुकडेही कुजत गेले.

त्याच आठवड्यात, रविवारी, वसईहून आजोबांचा फोन आला. “वेल कशी आहे गं?”

“गूट, आजोबा! झेर गूट!” म्हणजे छान, अगदी छान, असं वल्लरी म्हणाली, आणि फोन ठेवून ओक्साबोक्शी रडली.

आजोबा ईस्टरला येणार होते.

वरच्या मजल्यावर क्षितिजा राहायची. ती विद्यापीठात वनस्पतींवर पीएचडी करत होती. ती म्हणाली, “वल्ली, रडू नको. वेलीवर जिथे पान फुटतं ना, तो डोळा. सहा डोळे अजून हिरवे आहेत. ते कापायचे, धुवायचे आणि साखर न् क्षार घातलेल्या जेलीत, बंद बाटलीत वाढवायचे. टिश्यू कल्चर! पण बाटलीत एकही जंतू नको. त्यासाठी बाटल्या वाफेत उकडायच्या. कुकर आहे?”

होता ना! मी होतो!

जर्मन कुकर बुटका, त्यात बाटल्या मावेनात; जेली भरलेल्या जॅमच्या चार बाटल्या माझ्या पोटात बसल्या. मी जीव ओतून वाफ धरली. एक शिट्टी. दोन. तीन. आणि सुलेखाताईंनी सवयीने बटण बंद केलं. “झालं. तीन शिट्ट्या पुरे. आणि खालच्या मजल्यावरच्या बाई, फ्राऊ क्रेमर, दुपारी झोपतात.”

मला आतून कळत होतं की हे पुरेसं नाही. वरणाला चालतं, बाटल्यांना नाही. पण कुकराला विचारतं कोण?

वल्लरीने ब्लेड ज्योतीवर धरून, हात स्पिरिटने पुसून चार डोळे चार बाटल्यांत ठेवले आणि बाटल्या दिव्याखाली मांडल्या. मग सुरू झालं बघणं. शाळेतून आली की दप्तरासकट बाटल्यांपुढे. जेवताना उठून बाटल्यांपुढे. मी शेजारीच होतो, आणि मलाही चैन नव्हतं. चौथ्या दिवशी एका बाटलीत पांढरा कापूस दिसला. सहाव्या दिवशी चारही बाटल्यांत. बुरशी!

“माझेच हात घाणेरडे असणार,” वल्लरी म्हणाली.

क्षितिजाने बाटली उजेडात धरली. “बुरशी तुकड्यापासून लांब, जेलीतच उगवलीय. कुकर किती वेळ ठेवला होता?”

“तीन शिट्ट्या.”

“शिट्ट्या नाही गं. मिनिटं किती?”



“अगं, आमच्याकडे मिनिटं कोण मोजतं?” सुलेखाताई हळूच म्हणाल्या.

“पहिल्या शिट्टीनंतर आच कमी करून वीस मिनिटं, मावशी. पूर्ण वीस.”

आता दोनच डोळे उरले होते. हे गेले की वेल गेली. वल्लरी उठली आणि एकटीच जिना उतरून फ्राऊ क्रेमरांकडे गेली. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. फ्राऊ क्रेमरांनी जर्मनमध्ये विचारलं, “दिव्याखाली, बाटल्यांमध्ये, चोरून झाडं? हान्फ, गांजा तर नाही ना, पोरी? पोलिसांना बोलवायला लावशील!”

“हान्फ कसला, आजोबांची वेल आहे! त्यांना खोटं सांगितलंय मी. वीस मिनिटं आवाज सहन कराल का?”

त्या वर आल्या त्या हातात अंडी उकडायचा टायमर घेऊनच. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. मी शिट्टी मारली की दचकायच्या, पण टायमर सोडला नाही. “नॉख झीबेन!” म्हणजे अजून सात. आयुष्यात माझ्यावर इतकं लक्ष कुणी दिलं नव्हतं!

दोन बाटल्यांपैकी एक पुन्हा बिघडली. दुसरी मात्र स्वच्छ राहिली. तिसऱ्या आठवड्यात त्या डोळ्यातून तांदळाएवढा कोंब आला. मार्चअखेर दोन पानं आली, नखाएवढी.

ईस्टरला आजोबा आले. कोट न काढताच विचारलं, “वेल कुठाय?”

वल्लरीने बाटली त्यांच्या हातात दिली. एरवी त्यांना दोन जर्मन शब्दांत उत्तर देणारी मुलगी त्या दिवशी अडखळत, पण सगळं मराठीत बोलली. “मी मारली, आजोबा. हीटरवर ठेवली. आणि फोनवर खोटं बोलले. एवढीच वाचली.”

आजोबांनी बाटली उजेडाकडे धरून पानं निरखली. मग म्हणाले, “हिची पानं खाण्याजोगी कधी होतील?”

“दोन वर्षं लागतील.”

“बरं,” आजोबा खुर्चीत टेकत म्हणाले, “मग दोन वर्षं मला कुठे जाता यायचं नाही.”

मित्रांनो, अंदाजाने वरण शिजतं, जीव वाचत नाही. तुमच्या भरवशावर कुणी जगत असेल, तर त्याच्यासाठी मिनिटं मोजा. आणि हातून चूक झालीच, तर फोन ठेवायच्या आधी खरं सांगून टाका. वाफ आत कोंडली की काय होतं, ते मला विचारा!