गुडघाभर पाण्यात

छत्री तिसऱ्यांदा उडाली तेव्हा माझ्या नवऱ्याने तिला धरून आणलं, वाळूत आडवी पाडली आणि तिच्यावर स्वतःच बसला. "आता उड म्हणावं," असं तो छत्रीलाच म्हणाला. समुद्रावर येऊन आम्हाला जेमतेम दीड तास झाला होता. तेवढ्यात सँडविचमध्ये वाळू गेली होती, थर्मासचं झाकण हरवलं होतं आणि कुणाच्या तरी कुत्र्याने माझी डावी चप्पल पळवली होती. तरी मी खूश होते. ओल्या वाळूत पाय रुतवून बसायचं आणि दुसऱ्यांची पोरं रडताना बघायची, यासारखं सुख नाही.

सासूबाई मात्र कामावर होत्या. तेहतीस वर्षं त्या सरकारी इस्पितळात नर्स होत्या, शेवटची अकरा वर्षं हाडांच्या वॉर्डच्या मुख्य सिस्टर. नोकरी संपली तरी सिस्टर काही त्यांच्या अंगातून गेली नाही. आम्ही त्यांना तोंडावर आई म्हणतो आणि पाठीमागे सिस्टर, आणि ते त्यांना चांगलं ठाऊक आहे. खुर्ची कुठे लावायची, ऊन किती वाजता फिरेल, गोळी केव्हा, सगळं त्यांनी आदल्या दिवशीच ठरवून टाकलं होतं. फक्त छत्रीला कुणी विचारलं नव्हतं.

त्या खुर्चीत माझे सासरे होते. ते नगरपालिकेच्या तलावावर पोहायला शिकवायचे. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणतं. आमच्या गावात पन्नाशीच्या आतलं जे कुणी पाण्यावर तरंगतं, ते बहुतेक मास्तरांच्या हाताखालून गेलेलं असतं. त्यांची बायको तेवढी राहिली. सासूबाईंना पाण्याची धडकी भरते. लग्नाला चाळीस वर्षं झाली, दर सुट्टीत समुद्र झाला, पण त्यांनी पाणी कधी घोट्याच्या वर चढू दिलं नाही. मास्तर पार आत, ठिपका होईपर्यंत जायचे आणि सासूबाई काठावर त्यांचे कपडे राखत बसायच्या. सुरुवातीला मास्तरांनी खूप विनवलं म्हणे, मग नाद सोडला.

गेल्या वर्षी मास्तरांना झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला आणि बोलणं अडलं. शब्द आत तयार असतो, पण ओठांशी येईपर्यंत ऐकणारा दुसऱ्या विषयावर गेलेला असतो. घरात ते काठी घेऊन चालतात आणि सासूबाई कायम त्यांच्या उजव्या बाजूला असतात.

तर साडेदहाच्या सुमाराला त्यांनी डावा हात उचलून समुद्राकडे दाखवला आणि बऱ्याच प्रयत्नांनी म्हणाले, "आत."

माझ्या नवऱ्याचा चेहरा पडला. त्याने वडिलांना समजावलं की आपलं घरून निघतानाच ठरलंय, लांबून बघायचं, हवा खायची, जेवून परत. लाटेचा काही भरवसा नाही, वाळू पायाखालून सरकते, पुन्हा काही झालं तर कोण निस्तरणार. तो चुकीचं काही बोलत नव्हता. त्याला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की तो शाळेतल्या हेडमास्तरसारखा बोलतो.

मास्तर रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती मान वळवली आणि मागच्या बाजूला उभ्या केलेल्या गाड्या बघत बसले. समोर एवढा समुद्र असताना हा माणूस गाड्या बघतोय, हे मला सहन होईना. मी काही बोलणार तेवढ्यात सासूबाईंनी गोळ्यांचा डबा बंद केला.

"पट्टा काढ," त्या मला म्हणाल्या.

पट्टा म्हणजे पेशंटच्या कमरेला बांधायचा रुंद कापडी पट्टा, दोन्ही अंगांना पकडायला मुठी शिवलेल्या. तो त्या कुठेही नेतात, लग्नाला जातानासुद्धा.

"आई, तुला पोहता येत नाही," नवरा म्हणाला.

"पोहायला कोण चाललंय? चालायला चाललोय. गुडघ्यापर्यंत."

"पडले तर?"

"तेहतीस वर्षांत माझ्या हातून एक पेशंट पडलेला नाही. तू छत्रीवर बस."

पाण्यापर्यंत आम्ही त्यांना दोन्हीकडून धरून नेलं. तिथे सासूबाईंनी आम्हाला बाजूला केलं. त्या मास्तरांच्या समोर उभ्या राहिल्या, पट्ट्याच्या दोन्ही मुठी धरल्या आणि वॉर्डात जसं पेशंटला चालायला शिकवतात तसं उलटं चालू लागल्या. एक पाऊल त्या मागे, एक पाऊल ते पुढे. पायांकडे नाही, माझ्याकडे बघायचं, डावा, आता उजवा, छान. असं त्या किती वर्षं, किती माणसांसमोर मागे मागे चालल्या असतील. पाणी त्यांच्या घोट्याच्या वर चढलं तेव्हा आवाज जरासा कापला, पण थांबल्या नाहीत. मला तर वाटतं, उलटं चालणं त्यांच्या पथ्यावरच पडलं होतं. समुद्र दिसत नव्हता.

पण वॉर्डाच्या मागच्या भिंतीतून लाट येत नाही.

ती मास्तरांना आधी दिसली. मी टॉवेल घेऊन त्यांच्या थोडी बाजूला, पाण्यातच उभी होते, मला त्यांचा चेहरा कडेने दिसत होता. त्यांनी तोंड उघडलं. शब्द आत तयार होता, आला नाही. मग त्यांनी शब्दाचा नाद सोडला आणि डावा हात सासूबाईंच्या खांद्याभोवती टाकून त्यांना आपल्याकडे ओढलं. तेवढ्यात लाट दोघांवर आली.

पाणी ओसरलं तेव्हा सासूबाई फतकल मारून बसल्या होत्या, केस तोंडावर आले होते. मास्तर एका गुडघ्यावर होते, आणि त्यांचा डावा तळवा सासूबाईंच्या हनुवटीखाली होता, पोराला पहिल्या दिवशी तलावात धरतात तसा. माझा नवरा ओरडत पाण्यात धावला. मास्तरांनी मान हलवूनच त्याला जागेवर थांबवलं.

सासूबाईंना ठसका लागला, खारट पाणी नाकातोंडातून आलं. श्वास सापडल्यावर त्या मुलाकडे बघून म्हणाल्या, "मी पडले. पेशंट पडलेला नाही."

मास्तर हसायला लागले. झटका आल्यापासून ते असे, पोट हलेपर्यंत हसलेले मी पाहिले नव्हते. मग ते गंभीर झाले आणि शब्द एक एक करून बाहेर काढायला लागले. आम्ही कुणी मध्ये बोललो नाही.

"समुद्राला... पाठ... नाही."

आम्ही दोघांना उठवून उभं केलं. मला वाटलं आता झालं, आता परत. नवऱ्याने तर वडिलांचा दंड धरून वळवायलाही घेतलं. पण सासूबाईंनी पट्ट्याची एक मूठ त्याच्या हातात दिली, मास्तरांच्या उजव्या अंगाला त्याला उभं केलं, आणि स्वतः पलीकडे, डाव्या अंगाला गेल्या. वर्षभरात त्यांनी ती जागा कधी घेतली नव्हती. तिथे कुणाला धरायचं नसतं. तिथे उभं राहिलं की मास्तरच धरतात.

सासूबाईंनी तोंड समुद्राकडे केलं आणि डोळे गच्च मिटून घेतले.

"अहो, लाट आली की सांगा," त्या म्हणाल्या. "मी काही बघणार नाहीये."

मास्तर लांब बघत होते. पूर्वी ते जिथे ठिपका व्हायचे, तिथपर्यंत. तिकडे जायचं ते बोलले नाहीत. त्यांनी सासूबाईंचा हात आपल्या बोटांत नीट बसवला आणि नजर जवळ आणली.

"आता," ते म्हणाले. अगदी वेळेवर.

सासूबाईंनी डोळे मिटूनच उडी मारली. लाट खालून गेली.