तेल पिणारा लोण्या

अठ्ठावन्न साल असावं. एकोणसाठही असेल. खोटं मी बोलत नाही, फक्त सालाच्या बाबतीत जरा ढिला आहे. राळेगावच्या अंगाला आमचं गाव आणि नाल्यापलीकडे भीमसिंग नाईकाचा तांडा. आमची एक मेंढी जुळं देऊन मेली. त्यातलं एक कोकरू मी भीमसिंगला दिलं, कारण त्याच्याकडे दुभती मेंढी होती. दुसरं माझ्या बायकोनं, कौसल्येनं, बकरीच्या दुधात वात बुडवून चोखवत जगवलं. त्याचं नाव लोण्या. लोण्या चुलीपाशी झोपायचा आणि मी ओसरीत. घरात कोणाची काय पायरी होती ते यावरून समजा.

भीमसिंगच्या पोरीचं लग्न ठरलं, तसा तो फेटा सावरत अंगणात आला.

"बळीराम भिया, माहं कोकरू त जेवनात चाललंच. तुहंबी दे. दोघं भाऊ एका हंड्यात, मटन पुरून उरन!"

"हंड्यात तुमची मिशी घाला," आतून कौसल्येचा आवाज आला.

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण तोंड माझं, आणि ते माझं कधीच ऐकत नाही. मी म्हटलं, "भीमसिंग, तुहं कोकरू माह्या लोण्यासमोर म्हनजे उंदीर. लग्नाआधीच्या बाजाराले कापसाच्या जिनातल्या वजनकाट्यावर दोघाले चढवू. तुहं भारी निघालं त लोण्या तुहा. लोण्या भारी निघाला त तुहंबी कोकरू इकडं."

"जबान?"

"जबान."

तो गेल्यावर कौसल्या बाहेर आली. हातात फुंकणी होती. "कोनाले इचारून बोलले तुमी? लोण्या गेला न, त त्याच्या मांगं तुमीबी जाजा तांड्यावर. तिकडंच शिजा."

आता लोण्याला जाड करणं आलं. त्याच दिवसांत गुरांचे डॉक्टर बबनराव सायकलवर गावोगाव फिरत. त्यांनी सांगितलं, "सरकीच्या ढेपेत चमचाभर जवसाचं तेल कालवत जा. चाऱ्यापेक्षा तेलात ताकद जास्त, कोकरू अंग धरते. पण चमचाभरच हं."

मी मनात म्हटलं, हा सरकारी माणूस, सरकारी हातानंच सांगणार. चमच्यानं अंग धरतं, तर गडूनं काय होईल? ओतला गडू. दुसऱ्या दिवशी दोन ओतले.

लोण्या असा तेलकट झाला म्हणता! जिथं बसला तिथं डाग, आणि त्या डागावरून आमची म्हैस थेट गोठ्यापर्यंत घसरत जायची, चालायचे तिचे कष्ट वाचले. शेजारची कांताबाई येता-जाता त्याच्या पाठीवरून हात फिरवायची आणि तोच हात आपल्या केसांना पुसायची. पण अंग धरायचं सोडून लोण्या वाळू लागला. पोट बिघडलं, कुटाराला, म्हणजे वाळल्या चाऱ्याच्या भुशाला, तोंड लावेना, रवंथ तर बंदच. उन्हात मान टाकून पडून राही. कौसल्या माझ्याशी बोलायची थांबली, आणि ती बोलत असतानापेक्षा ते जास्त ऐकू येऊ लागलं.

मी गव्हाणीवर वाकलो आणि त्याला विनवू लागलो, "खाय रे बाप्पा, माह्या इज्जतीचा सवाल हाय." तेवढ्यात तंबाखूसोबतची माझी चुन्याची डबी खिशातून घसरून त्या तेलकट ढेपेत पडली. डबी चांगली मोठी होती, कारण मी तंबाखू चांगली मोठी खात होतो. चुना तेलात मिसळून गेला. लोण्यानं नाक लावलं, चाटलं, आणि सगळं फस्त केलं. सकाळी बघतो तर स्वारी निवांत रवंथ करून राह्यलेली!

बबनराव आले, गव्हाणीत बोट फिरवून त्यांनी वास घेतला. "अरे, मेंढराच्या पोटात बारीक जीव असतात, डोळ्याला दिसत नाहीत. कुटार पचवतात ते हेच. तू त्यांच्या घरात तेलाचा पूर आणलास. कुटारावर लेप बसला, जीव गुदमरले. आता तेलाला चुना भेटला आणि झाला साबण. साबण काही कुटाराला चिकटत नाही. तो मुकाट पुढं जातो आणि पुढच्या आतड्यात पचतो. नशीब म्हण तुझं. पण पुन्हा असला उद्योग करू नकोस."

इथपर्यंतची गोष्ट कोणताही डॉक्टर सांगेल. यापुढची मलाच सांगावी लागते.

पुन्हा करू नको म्हटल्यावर मी अर्थातच रोज केलं. भिंती पोतायला आणलेला चुना संपवला. लोण्या फुगला, रेड्याएवढा दिसू लागला. ढेकर दिली की तोंडातून फुगा निघायचा, आणि तो आमच्या छपराच्या कवेलूंवरून तरंगत तांड्याकडे जायचा. भीमसिंगला अंदाज यायला तेवढं पुरे होतं. त्यानं आपल्या कोकराला मीठ चाटवून पाणी पाजायला सुरुवात केली.

बाजाराच्या दिवशी भीमसिंगचं कोकरू काट्यावर चढलं, तेव्हा त्याचं पोट पखालीसारखं डुचमळत होतं. जिनातला काटेवाला देवीलाल म्हणाला, "आता दुसरं आना."

मी लोण्याला उचललं. तो सटकन निसटला. दोन हमालांनी धरलं, तर हमाल एकमेकांच्या मिठीत आणि लोण्या बाहेर. ऊन चढलं होतं, त्याला घाम फुटला, आणि अंगभर फेस आला. काट्यावर पाय ठेवला की तो या बाजूनं चढे आणि त्या बाजूनं घसरून उतरे. देवीलाल ओरडला, "अबे, थांबव त्याले! काटा वाचू की फेस पुसू?"

"बाजूले व्हा," म्हणत भीमसिंगनं झेप टाकली. लोण्याच्या जागी त्याला फक्त जमीन मिळाली. तेवढ्यात काट्यावरच्या भावानं लोण्याला ओळखलं. बें करून खाली उडी मारली आणि अंगाला अंग घासलं. झालं, तोही साबणाचा! दोघं भाऊ बाजारातून, मिरच्यांच्या ढिगाला वळसा घालून, गावच्या वाटेला सुसाट.

आम्ही मागोमाग घरी पोचलो तेव्हा दोघं चुलीपाशी बसली होती आणि कौसल्या त्यांना पुसत होती. तिनं आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

भीमसिंग दारातच टेकला. फेट्यापासून धोतरापर्यंत फेस, आणि धोतर असं पांढरं की डोळे दिपावे. "बळीराम भिया," तो धापा टाकत म्हणाला, "जे काट्यावर थांबत नाई, ते हंड्यात काय थांबन? अन् शिजवलंच, त रश्श्याले फेस येईन. व्याही म्हनतीन, नाईकानं आंघोळीचं पानी वाढलं."

"मंग हरला का तू?"

"मी कायले हरीन? काट्यावर त माहंच चढलं!"

"नाईक," कौसल्या मागं न वळताच म्हणाली, "दोघंबी इथंच राहतीन. पोरीच्या जेवनाची वांग्याची भाजी मी करतो. तांड्याभराची. मंजूर असन त च्या ठेवतो, नसन त उठा."

भीमसिंगनं तिच्या हातातल्या फुंकणीकडे पाहिलं. "भाभी, साखर जराशी जास्त टाक," तो म्हणाला.

त्या लग्नात वऱ्हाडी भाजीवर तुटून पडले. मटणाची आठवण निघाली नाही, असं मी म्हणणार नाही. पण दर आठवड्याला भीमसिंगची बायको कोकिळा धुण्याचं गाठोडं घेऊन लोण्याला नाल्यावर न्यायची, आणि कापड एकदा त्याच्या पाठीवर घासलं की काम झालं.

पुरावा म्हणून त्याच्या घामाची एक वडी मी जपून ठेवली होती. नातवंडांनी परवाच आंघोळीत संपवली.