कैद्याच्या नावचा लिफाफा

“दादा, माझी ही फ्रेम नीट बघा. बाकीच्या राहू देत,” कमलेश गायकर म्हणाला.

बदलापूरच्या हॉलमध्ये टपाल-संग्राहकांचं प्रदर्शन भरलं होतं आणि पालेगावचे भगवान भोईर त्याचे परीक्षक होते. फ्रेममधला लिफाफा दिसताच त्यांची कानशिलं तापली. अमेरिकेतल्या यादवी युद्धात एका बाईने शत्रूच्या छावणीत कैद असलेल्या नवऱ्याला पाठवलेला लिफाफा. लढणाऱ्या दोन्ही पक्षांची तिकिटं, खाली छावणीत पत्र तपासणाऱ्याची सही, डावा कोपरा फाटलेला. म्हणजे त्यांचाच!

नऊ वर्षांपूर्वी उल्हासनगरच्या क्लबात याच कमलेशने तो सगळ्यांसमोर नकली ठरवला होता. अंबरनाथच्या कारखान्यात तीस वर्षं माल तपासून पास-नापास करणाऱ्या माणसाला साधा नकली लिफाफा ओळखता आला नाही, म्हणून पोरंटोरंही हसली होती. अपमानाच्या भरात भोईरांनी तो क्लबच्या नकोशा तिकिटांच्या अदलाबदलीच्या डब्यात फेकला. डब्याची किल्ली कमलेशकडे असायची, हे त्यांना आज आठवलं. लिफाफा मुळात कुणाचा, हे कमलेश मात्र साफ विसरलेला दिसत होता.

कमलेशचा लेखी निकाल मात्र त्यांनी लॅमिनेट करून ठेवला होता. प्रत्येक प्रदर्शनाला तो पिशवीत असायचाच. हे वैर त्यांनी पोटच्या पोरासारखं सांभाळलं होतं.

माईक हातात घेऊन त्यांनी गोड आवाजात विचारलं, “कमलेश, अस्सल हाय ना रं?”

“हंड्रेड पर्सेंट, दादा! शाई बघा, कागद बघा. माझी नजर कधी चुकत नाय.”

“मंग ह्यो कागद वाच. मोठ्यानी.”

कमलेश वाचू लागला. “शाई नवी. डावा कोपरा मुद्दाम फाडलेला. लिफाफा बनावट...” खाली लिफाफ्याची झेरॉक्स होती आणि त्याची स्वतःची सही. तिथे तो वाचायचा थांबला. कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग हॉलभर हसू आवरेना. भोईरांनी मुळीच घाई केली नाही. कमलेशची मान खाली जाताना त्यांनी अगदी चवीने पाहिली.

गर्दी पांगल्यावर कमलेशने फ्रेम उघडून लिफाफा पुढे केला. “चुकलो, दादा. घेऊन जा. तुमचाच आहे.”

लिफाफा इतका जवळ आला, की त्या बाईचं तिरकं अक्षर चष्म्याशिवाय वाचता आलं असतं. नऊ वर्षं ते या अक्षरासाठी झुरले होते. घ्यावा, असं त्यांना फार वाटलं.

“नको,” ते म्हणाले. “तुझ्याच घरी ऱ्हाऊ दे. भिंतीवर लाव, येताजाता दिसंल असा.”

आणि ते पायऱ्या उतरू लागले. हात पुढे जाऊ नयेत म्हणून त्यांनी ते पाठीमागे घट्ट धरले होते.