तपासणीसाठी विझवलेली चूल

"पंख्याला नंतर विचार, पोरी. आधी चुलीला विचार. आणि ती पेटलेली असताना विचार."

हा आवाज फिन्टनचा, हाताखाली शिकणाऱ्या भाचीला सांगतानाचा. तो देवळात बोलावं तसा हळू बोलायचा. मला बाजूला ठेवायचा, चुलीपुढे गुडघे टेकायचा आणि तिच्या तोंडाशी हाताचा पंजा धरून हवा आत जाते की बाहेर येते ते बघायचा. त्याला जाऊन बरीच वर्षं झाली. पण कुणाचाही उंबरठा ओलांडताना मला तो आवाज अजून ऐकू येतो.

मित्रांनो, मी एक जुना वायुमापक आहे. माझं तोंड गोल आहे आणि त्यात पातळ पात्यांचं एक चिमुकलं चक्र आहे. हवा आत शिरली की चक्र फिरतं आणि माझ्या पडद्यावर आकडा उमटतो. समुद्रापलीकडच्या एका पावसाळी गावातल्या कारखान्यात माझा जन्म झाला. एका बाईनं चिमट्यानं एकेक पातं बसवलं. शेवटी तिनं माझ्यावर अगदी हलकी फुंकर घातली. तोच माझा पहिला वारा. निजलेल्या बाळाच्या श्वासानंही फिरावं इतकं हलकं मन त्या बाईनं मला दिलं.

तिथून मी आयर्लंडच्या पश्चिमेला, मेयोमध्ये आलो. फिन्टनचं काम होतं घरांचा श्वास मोजायचं. कायदाच तसा आहे. घर नवं बांधलं, किंवा जुनं घर थंडी अडवायला चहूबाजूंनी बंदिस्त केलं, तर आतली शिळी हवा बाहेर जाते की नाही आणि ताजी आत येते की नाही हे कुणीतरी तपासून द्यावं लागतं. फिन्टन सगळी दारंखिडक्या लावून घ्यायचा. माझ्या तोंडाला कापडी नरसाळं जोडायचा आणि मला छतातल्या जाळीवर घट्ट धरायचा. मग आम्ही दोघंही श्वास रोखायचो. आकडा कमी आला की तो बांधकाम करणाऱ्याला म्हणायचा, "घर सुंदर आहे हो तुमचं. फक्त त्याचं नाक दाबलंय."

माझं फार कौतुक व्हायचं. वर्षातून एकदा मला एका लांब नळीत बसवून ठरलेल्या वाऱ्यासमोर उभं करत. माझा आकडा आणि खरा आकडा जुळला की माझ्या पाठीवर नवी चिठ्ठी लागायची. ते माझं उद्यापन. वर्षभर खोटा आकडा दाखवायचा नाही, हा माझा नेम मी कधी मोडला नाही.

पण एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. वारा किती, हे मी सांगतो. तो कुठून निघाला आणि सोबत काय घेऊन आला, हे मला सांगता येत नाही. ते माणसानं बघायचं असतं.

फिन्टन गेला. त्याची भाची डीर्वला त्याचं काम करू लागली. ती कष्टाळू आणि प्रामाणिक होती. पण तिनं एक नवा मापक घेतला. तो आपले आकडे थेट तिच्या फोनवर पाठवायचा. मी गाडीच्या मागच्या बाजूला, चिखलाच्या बुटांखाली गेलो. कडेला चीर पडली, नरसाळ्याला कुबट वास लागला. वर्षाची पारख मात्र तिनं कधी चुकवली नाही. अडीनडीला असावा, म्हणायची. मागच्या ऑक्टोबरात ती अडचण आली. नवा मापक दुरुस्तीला गेला आणि मी पुन्हा तिच्या हातात आलो.

दलदलीच्या कडेनं वर चढणारा तो एक रस्ता होता. तिथल्या जुन्या शेतघरांना त्या उन्हाळ्यात नव्यानं भिंतींची वेष्टणं घातली होती, दुहेरी काचा बसवल्या होत्या, फटी बुजवल्या होत्या. प्रत्येक घराच्या छतात आतली हवा बाहेर ओढणारं पंख्याचं यंत्र होतं आणि ताजी हवा आत यावी म्हणून भिंतींना भोकं ठेवली होती. आठवडाभर आम्ही घरोघरी हिंडलो. दारातला दगड धुतलेला, काचा लख्ख, मेजावर ठेवणीतलं कापड, आणि चूल थंड. थंड म्हणजे नुसती विझलेली नव्हे. राख काढून, काळं पॉलिश लावून आरशासारखी चमकवलेली.

त्या भागात पाळीपाळीनं एकेका घरी फादर येऊन पूजा करतात. त्या दिवसासाठी महिनाभर घर घासतात. आता सरकारी नियमाची तपासणी येणार म्हटल्यावर त्यांनी तेच केलं. घर जसं रोज असतं तसं दाखवायचं, हे त्यांच्यापैकी कुणाला सुचलंच नाही. पाहुण्यासमोर राखेनं माखलेली चूल ठेवायची म्हणजे काय!

आणि मला, मित्रांनो, त्या थंड चुली पाहून कसंतरीच होत होतं. आकडे फार चांगले येत होते. फारच चांगले.

त्या आठवड्यातल्या एका दिवसाचं शेवटचं घर कॅराबाइन भावंडांचं. पॅकी आणि त्याची मोठी बहीण नोनी. दोघंही अविवाहित, दोघंही सत्तरी ओलांडलेली. डीर्वलानं चुलीवर हात ठेवला आणि मागे घेतला.

"पेटवता का थोडी? ही पेटलेली असताना बघायचं असतं खरं तर."

"आत्ता?" पॅकी दचकला. "काल दिवसभर नोनी तिला पॉलिश करत होती, पोरी. हिचं लग्न झालं असतं तर नवऱ्याला एवढं चोळलं नसतं हिनं."

"तुझं झालं असतं तर मी तरी सुटले असते," नोनी म्हणाली.

डीर्वला हसली. दिवसभराच्या कामानं ती दमली होती, बाहेर पाऊस लागला होता. तिनं चुलीचा विषय सोडला. मला जाळ्यांवर धरलं, भिंतीतल्या भोकांवर धरलं. हवा येत होती, जात होती. "उत्तम आहे घर," ती म्हणाली. दोघं भावंडं परीक्षेत पास झालेल्या मुलांसारखी एकमेकांकडे बघू लागली.

तिथून चहा न घेता निघता येत नाही. नोनीनं कागदावर सहीसुद्धा करू दिली नाही. "आधी बस. सह्याबिह्या पोटात काही गेल्यावर." तिनं चूल पेटवली. दलदलीतून कापून वाळवलेल्या काळ्या टर्फच्या, म्हणजे जळाऊ मातीच्या, विटा आत रचल्या. तव्यावर डुकराच्या मांसाच्या चकत्या टाकल्या आणि वास कोंडू नये म्हणून छतातल्या यंत्राचं मोठं बटण दाबलं. यंत्र घुमू लागलं. पॅकी हळूच उठला, भिंतीपाशी गेला आणि पाठ करून काहीतरी करून आला. डीर्वला पाव कापत होती, तिचं लक्ष नव्हतं. मी चुलीजवळच्या बुटक्या स्टुलावर होतो, नरसाळ्यावाचून, चुलीकडे तोंड करून. माझं तोंड तिकडे नसतं तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं. आता तसं वाटत नाही.

आधी एक पातं हललं. मग चक्र फिरू लागलं.

वारा चुलीतून येत होता.

धुराड्यातून वर जायचं ते खाली येत होतं. थोडा धूर दिसला असता, तो छतातलं यंत्र गिळत होतं. टर्फचा वास तर त्या घराला जन्मापासून. ज्याला वास नाही, रंग नाही, ते त्या धुराच्या मागोमाग मुकाट येऊन मेजाभोवती बसलं. मी फिरत राहिलो. ओरडायला मला तोंड आहे, मित्रांनो, आवाज नाही.

एक चहा झाला. दुसरा ओतला. डीर्वला कपाळ चोळू लागली.

"तुझंही दुखतं का?" नोनीनं विचारलं. "आमचं तर उन्हाळा सरल्यापासून रोज संध्याकाळी दुखतं."

"नोनी म्हणते म्हातारपण," पॅकी म्हणाला. "मी म्हणतो नोनी."

"थट्टा पुरे." नोनीचा आवाज खाली आला. "खरं सांगू, पोरी? आम्ही आयुष्यात कधी जपमाळ अर्धी सोडली नाही. आई गेली त्या रात्री तिच्या उशाशी बसूनसुद्धा पुरी केली. आणि आता, इथंच बसतो आम्ही चुलीपाशी, पाच भागांची माळ, तर तिसऱ्या भागाला डोळे मिटतात. दोघांचे. चूल विझते आणि थंडीनं जाग येते तेव्हा माळ जमिनीवर पडलेली असते. मी फादरना विचारलं, देव रुसलाय का आमच्यावर? ते म्हणाले, दमलेल्याला तो झोप देतो."

"देवळात लागते का झोप?" डीर्वलानं विचारलं. तिची जीभ जड झाली होती.

"छे, देवळात नाही."

"फादरचं प्रवचन चालू असतानाही नाही!" पॅकी म्हणाला. "तेच तर नवल." आणि त्यानं लांब जांभई दिली.

संध्याकाळच्या प्रार्थनेची सहाची घंटा रेडिओवर वाजू लागली. नोनीनं क्रूसाची खूण केली, पहिली ओळ म्हटली. दुसरी ओळ पॅकीची. ती आली नाही. त्याची हनुवटी छातीवर टेकली होती.

तेव्हा डीर्वलानं खाली पाहिलं. मी फिरत होतो. दारं लावलेली, खिडक्या लावलेल्या, मी कुणाच्या हातात नाही, आणि तरी माझ्या पडद्यावर आकडा होता. तिनं माझ्यापुढे पंजा धरला. ऊन हवा लागली. तिनं खिशातला कागदी रुमाल काढून चुलीच्या तोंडाशी लोंबता धरला. तो आत ओढला जायला हवा होता. तो खोलीकडे कलला.

"उठा! दोघंही. बाहेर चला."

"चहा राहिलाय..." पॅकी डोळे न उघडताच पुटपुटला.

"पॅकी, उठा म्हणते ना!"

नोनी उठली आणि मेजावर कलंडली. डीर्वलानं एका हातानं तिला धरलं, दुसऱ्या हातानं पॅकीची कॉलर. कसं नेलं ते तिचं तिला ठाऊक. दोघांना तिनं अंगणातल्या शेडच्या पुढच्या छपराखाली बसवलं, डॉक्टरला फोन केला. मग तोंडाला मफलर बांधून परत आली. यंत्र बंद केलं, सगळी दारं सताड उघडली, पेटत्या विटा लोखंडी बादलीत घालून पावसात ओतल्या. चुर्र करून वाफ उठली. भिंतीतल्या भोकात तिनं बोटं घातली. आत लोकरी मोजा होता. दुसऱ्या खोलीत दुसरा. भिंतीतून हवा मिळेना, म्हणून यंत्र ती धुराड्यातून खाली ओढत होतं.

ती मोजे आणि मला घेऊन बाहेर आली आणि मोजे पॅकीपुढे धरले. पॅकीचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"मानेवर वारा लागायचा," तो म्हणाला. "तू येणार म्हणून सकाळी काढले होते. मघाशी परत घातले."

"आणि ते पांढरं यंत्र? चुलीतल्या विषारी वायूचा इशारा देणारं? ते तर बसवून दिलं असणार तुम्हाला."

भावंडांनी एकमेकांकडे पाहिलं. पॅकीनं मागे शेडकडे बोट केलं. टर्फच्या ढिगावर, पोत्यात गुंडाळलेलं, ते पडलं होतं.

"रोज किंचाळायचं," नोनी म्हणाली. "नेमकं प्रार्थनेच्या वेळी. म्हटलं, सैतानाला माळ सहन होत नाही." तिनं पोत्याकडे पाहिलं. "म्हणजे देव रुसला नव्हता तर."

 पॅकीनं बहिणीचा हात धरला. मला वाटतं, कित्येक वर्षांत पहिल्यांदा.

मित्रांनो, मी तुम्हाला शिकवणारा कोण? पण तुमच्या घराच्या भिंतीत एखादं भोक कुणी मुद्दाम ठेवलं असेल, तर थंडी वाजते म्हणून त्यात बोळा घालू नका. अंगावर आणखी एक स्वेटर घाला. घरातलं एखादं यंत्र ओरडलं तर त्याचं तोंड बांधण्याआधी ते कशासाठी ओरडतं हे विचारा. आणि कुणी तपासायला आलं, तर त्याला घर जसं आहे तसं दाखवा, राखेसकट. घासलेल्या घराला मी चांगला आकडा देईन. तो खराही असेल. पण त्या आकड्यात तुम्ही राहत नाही.

डॉक्टर यायला वेळ होता. भावंडांच्या गालांवर हळूहळू रंग परतू लागला. तेवढ्यात नोनी छपराखालून उठून अंगणाच्या कडेला गेली आणि उताराखाली पाहू लागली. तिथं एकच घर दिसतं, उना डर्कनचं. उना एकटी राहते. खिडकीत दिवा होता. धुराड्यावर धूर नव्हता.

"तिचं घर तपासलंस का?" नोनीनं विचारलं.

"काल," डीर्वला म्हणाली. "पास केलं."

"चूल पेटलेली होती?"

डीर्वलानं उताराखाली पाहिलं. ती चूल मलाही आठवत होती. त्या रस्त्यावर तिच्याइतकी चकचकीत कुणाचीच नव्हती.

"रविवारी देवळात मला म्हणाली," नोनी म्हणाली, "तिचीही माळ आता पुरी होत नाही."

नोनीनं खिशातला फोन काढून उनाला लावला. तो वाजत राहिला. उना कधी बाहेर जात नाही, निदान या वेळी तर नाहीच. नोनीनं पुन्हा लावला. मग तिनं डीर्वलाकडे पाहिलं. "पोरी, मला शब्द दे. तिच्याकडे जाशील. आणि मग या रस्त्यावरच्या प्रत्येक घरी."

"दिला," डीर्वला म्हणाली.

तिनं मफलर पुन्हा तोंडावर ओढला. मला उचलून कोटाच्या आत, छातीशी धरलं. पॅकीनं शेडमधला कंदील पेटवून तिच्या हातात दिला. नोनीच्या हातातल्या फोनमध्ये उनाच्या घरची घंटा अजून वाजत होती. डीर्वला फाटक उघडून उताराला लागली.