ऑस्लंडने वाचलेलं पुस्तक

अख्ख्या गावाने मिळून एकच पुस्तक वाचायचं, ही टूम मुळात कार्ला ब्रँडव्होल्डची. जिल्ह्याच्या गावी तसं झालं, मग आपल्या ऑस्लंडने काय घोडं मारलंय, असं तिचं म्हणणं. ती ग्रंथालय समितीची अध्यक्ष. गावातला एकुलता एक कॅफे तिचा. आणि पाच वर्षांपूर्वी तिची सतरा वर्षांची टेसा गेली, तेव्हापासून ऑस्लंडच्या चारशे माणसांत कार्लाला नाही म्हणणारं कुणी उरलं नव्हतं.

मार्लिस फोशाइम ग्रंथपाल होती. पुस्तकं देणारी तीच, दारातला बर्फ ओढणारीही तीच. जानेवारीत दीडशे प्रतींची खोकी आली. त्या तिने कॅफेत, चर्चच्या मागच्या टेबलावर आणि धान्याच्या कोठारात वजनकाट्याच्या खिडकीशी ठेवल्या. कादंबरी आपल्यासारख्याच गावाची होती. सपाट मुलूख, एक चर्च, एक शाळा, आणि एकमेकांच्या अडीअडचणीला धावणारी माणसं.

"गावात राहून गावाबद्दलच वाचायचं?" कोठारातला एलरॉय म्हणाला. "हे म्हणजे गाईला दुधावरचं पुस्तक दिल्यासारखं झालं."

"तू आधी वाच, मग रवंथ कर," कार्लाने त्याला झापलं. सगळे हसले, एलरॉयने मुकाट्याने एक प्रत उचलली.

दर गुरुवारी संध्याकाळी ग्रंथालयाच्या तळघरात बसायचं ठरलं. पहिल्या दिवशी सव्वीस माणसं आली. मार्लिस कॉफी ओतत होती, तेवढ्यात जिन्यावर जड बुटांचा आवाज झाला आणि खोलीतलं बोलणं एकदम थांबलं. दारात व्हर्डेल क्वाले उभा होता. काखेत पुस्तक.

व्हर्डेल म्हणजे डॅरिनचा बाप. डॅरिन पिऊन गाडी चालवत होता, टेसा शेजारी बसली होती, आणि गाडी नदीच्या पुलाच्या कठड्यावर आदळली. टेसा जागीच गेली. डॅरिनचा हात मोडला, बारा वर्षांची शिक्षा झाली. त्यानंतर क्वाल्यांच्या घराशी गावाने संबंध तोडले असं कुणी म्हणत नसे. माणसं फक्त दुकानात त्यांना बघून पलीकडच्या रांगेत वळत.

दहा महिन्यांनी व्हर्डेलच्या बायकोला, आर्डिथला, स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला.

ऑस्लंडमध्ये कुणी आजारी पडलं की चर्चच्या भिंतीवर नावं लिहायला कागद लावतात. सोमवारी कुणी जेवण न्यायचं, मंगळवारी कुणी, असा. आर्डिथच्या नावाचा कागद पास्टरने लावला होता. तो कोराच राहिला. मार्लिस आणि आर्डिथ पहिलीपासून एका बाकावर बसलेल्या. एकीच्या लग्नात दुसरी करवली. पण त्याच आठवड्यात कार्ला ग्रंथालयात आली, पुस्तकांच्या फळ्यांमध्ये मार्लिसला गाठलं आणि अगदी हळू म्हणाली, "त्या घराची पायरी चढलीस, तर माझी चढू नकोस."

आपल्या लेकीला पुरलेल्या बाईशी वाद कसा घालायचा? पुढच्या आठवड्यात जाऊ, कार्ला जरा निवली की जाऊ, असं मार्लिस म्हणत राहिली. एकदा तिने ओव्हनमध्ये बटाटे-खिम्याची हॉटडिश केली, टॉवेलात गुंडाळून गाडीत ठेवली आणि क्वाल्यांच्या फाट्यावरच्या टपालपेटीपर्यंत गेलीही. मागून कुणाचा तरी ट्रक येताना दिसला. तिने गाडी आत वळवलीच नाही, सरळ पुढे नेली. ती हॉटडिश मग तिने घरी एकटीने तीन दिवस खाल्ली. अकरा आठवड्यांनी आर्डिथ गेली. दफनाच्या दिवशी मार्लिस चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसली आणि नंतरच्या कॉफीला न थांबता उठली.

आता व्हर्डेल तळघरात येऊन हीटरजवळच्या खुर्चीवर बसला. टोपी गुडघ्यावर. पाच गुरुवार तो असाच आला, असाच बसला, एक शब्द न बोलता गेला. कार्ला त्याच्याकडे बघत नसे, पण तिने त्याला येऊ नको असंही म्हटलं नाही. चौथ्या गुरुवारी तर तिने लिंबाच्या वड्यांचं ताट त्याला न वगळता त्याच्यासमोरूनही नेलं. मार्लिसने ते पाहिलं, आणि पुस्तकामुळे का होईना काहीतरी सुटत चाललंय असं तिला वाटू लागलं. त्या रात्री तिला बऱ्याच दिवसांनी चांगली झोप लागली.

सहाव्या, शेवटच्या गुरुवारी ज्याला जे पान आवडलं ते त्याने वाचून दाखवायचं होतं. एलरॉयने डुकरांच्या जत्रेचं वाचलं, हशा झाला. मग व्हर्डेल उठला.

"मीही वाचतो," तो म्हणाला.

त्याने चष्मा लावला आणि ओळीखाली बोट धरून वाचायला लागला. गावातल्या एकाची बायको आजारी पडते आणि बायका ताटं घेऊन त्याच्या अंगणात येतात, तो भाग. सावकाश, अडखळत वाचत होता. ताटांवर झाकलेल्या फडक्यांचे रंग लिहिले होते, तेही त्याने सगळे वाचले. मग पुस्तक मिटलं.

"हे छान लिहिलंय," तो म्हणाला. "आर्डिथला आवडलं असतं. रस्त्यावर गाडीखाली खडी वाजली की ती उठून बसायची. म्हणायची, व्हर्डेल, बघ, कोणीतरी आलं. सुरुवातीला रोज सकाळी आठ कप काढून ठेवायला लावायची. मग चार. मग मीच काढेनासा झालो."

त्याने चष्मा काढून खिशात ठेवला.

"मी भांडायला आलो नाही. डॅरिनने जे केलं ते केलं, मी त्याची बाजू घेत नाही. मला एवढंच विचारायचंय." तो मार्लिसकडे वळला. "बाकीच्यांचं जाऊ दे. तू का नाही आलीस?"

कार्ला तिसऱ्या खुर्चीवर बसली होती. तिची नजर मांडीवरच्या पुस्तकावर. पुस्तकाच्या कडा तिने दोन्ही हातांनी धरल्या होत्या. मार्लिसच्या ओठांवर तिचं नाव आलं. एवढ्या माणसांसमोर ते उच्चारलं असतं, तर कार्लाच्या दुःखाची लक्तरं सगळ्या गावासमोर टांगली गेली असती.

"मला धीर झाला नाही, व्हर्डेल," ती म्हणाली.

आणखी काही येईल असं व्हर्डेलला वाटलं असावं.

"एवढंच?"

"एवढंच."

"बरं," तो म्हणाला. टोपी घातली, पुस्तक खुर्चीवर ठेवलं आणि जिना चढून गेला.

कार्लाने खुर्च्या एकावर एक रचायला सुरुवात केली. मार्लिस तिच्याजवळ गेली तेव्हा ती मान वर न करता म्हणाली, "त्याला काय वाटतं, माझ्या कानांना खडी ऐकू येत नाही? मी अजून ऐकते. टेसा रात्री साडेदहाला यायची." मग बाकीचं आवरायचं तसंच टाकून तीही निघून गेली.

मार्लिसला दोन आठवडे चैन पडलं नाही. शेवटी एका शनिवारी दुपारी ती क्वाल्यांच्या शेतावर गेली. या वेळी टपालपेटीपाशी तिने गाडी आत घेतली. अंगणात ट्रकवर फर्निचर चढवलेलं होतं. व्हर्डेल तुरुंगाजवळच्या गावी दोन खोल्या घेऊन राहणार होता, म्हणजे रविवारी डॅरिनला भेटायला चार तास गाडी हाकायला नको.

"ये," तो म्हणाला. "बसायला मात्र काही उरलं नाही."

मार्लिस उभ्यानेच बोलली. फळ्यांमध्ये कार्ला काय म्हणाली होती, ते तिने जसंच्या तसं सांगितलं. हॉटडिशचंही सांगितलं, मागून आलेल्या ट्रकचंही. सांगताना तिला रडू येत होतं आणि त्याची लाजही वाटत होती.

व्हर्डेल पलंगाच्या लोखंडी दांड्या दोरीने बांधत होता. गाठ मारून झाल्यावर म्हणाला, "ते माहीत होतं आम्हाला."

"कुणी सांगितलं?"

"कार्लानेच. फोन केला होता आर्डिथला. म्हणाली, मी मार्लिसलाही बजावलंय, तिची वाट बघू नकोस." त्याने दोरीचं टोक खेचून पाहिलं. "आर्डिथने फोन ठेवला आणि हसली. म्हणाली, कार्ला कितीही ओरडू दे, मार्लिस यायची ती येणार. बाकी कोणी येवो न येवो." तो थांबला. "शेवटपर्यंत म्हणत होती. मी म्हटलं, अगं, सोड आता. तर माझ्यावरच चिडायची. म्हणून त्या दिवशी विचारलं. म्हटलं, कार्लापेक्षा मोठं काहीतरी कारण असेल. तू आजारी होतीस, किंवा काही. मला ते आर्डिथच्या थडग्यापाशी सांगता आलं असतं."

मार्लिसने दांड्यांच्या जुडीचं दुसरं टोक धरलं. त्याने धरू दिलं. दोघांनी मिळून ती जुडी ट्रकवर चढवली. मग तो म्हणाला, "आता मला जमेल," आणि ती गाडीत जाऊन बसली. परतताना रस्त्यावरची खडी तिच्या गाडीखाली सतत वाजत होती.

एप्रिलमध्ये क्वाल्यांचं घर रिकामं झालं. जमीन शेजाऱ्याने विकत घेतली. त्याला झाडांच्या ओळीपर्यंत पेरायचं होतं, म्हणून घर पाडून टाकलं.

ऑक्टोबरात समितीची बैठक झाली. पहिल्या वर्षी दीडशेतल्या एकशे बारा प्रती वाचल्या गेल्या, म्हणून उपक्रम पुढे चालू ठेवायचं एकमताने ठरलं.

"या खेपेला जरा हलकंफुलकं घेऊ या," कार्ला म्हणाली. "एखादी खुनाची गोष्ट. बोटीवरची वगैरे."

"बोट चालेल," एलरॉय म्हणाला. "आपल्याकडे कोणाची बोट नाही, म्हणजे कोणाला लागायचं नाही."

ज्यांना पसंत त्यांनी हात वर करायला सांगितलं. मार्लिसने खिडकीतून पश्चिमेकडे पाहिलं. तिकडे पूर्वी झाडांमागे क्वाल्यांच्या गोठ्याचं छप्पर दिसायचं. आता काही दिसत नव्हतं. मग तिनेही हात वर केला.