बाबांचा ठरलेला आकडा

“पण मशीन चुकतंय की डोळा, हे ठरवतं कोण?”

प्रश्न मैत्रिणींचा होता. आमचा वर्ग बाबांची लॅब बघायला आला होता आणि त्या मागून कोपरं मारत होत्या, “एरवी एवढी बोलतेस, इथे विचारून दाखव.” गेल्या वर्षीची मी असते तर बुटांकडे बघत बसले असते. यंदाच्या मीने खणखणीत आवाजात विचारलं.

डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत रक्त किती वाहतं, त्यात ऑक्सिजन किती, हे बाबांचं मशीन मोजतं. हनुवटी टेकवा, हिरव्या ठिपक्याकडे बघा, पापणी हलवू नका. एवढंच.

बाबा खुलले. “सोपं आहे. रोज सकाळी पहिला डोळा माझा. अकरा वर्षं माझा आकडा ठरलेला. तो आला की मशीन ठीक.”

“आणि नाही आला तर?”

“मेकॅनिकला फोन. यंदा तीनदा बोलावला. मशीनचं वय झालंय, कमीच दाखवतं. तो म्हणतो बिघाड नाही. त्याला काय कळतंय.”

वर्ग हसला. मी स्टुलावर बसून हनुवटी टेकवली. “माझा मोजा.”

माझा आकडा उत्तम आला. मैत्रिणीचा उत्तम. जाड चष्मेवाल्या आमच्या बाईंचाही उत्तम. म्हणजे मशीनचं म्हातारपण फक्त माझ्या बापाच्या डोळ्यापुरतं होतं.

“आज सकाळी तुमचा किती आला?”

बाबा मशीनची काच पुसायला लागले. ती स्वच्छच होती.

घरी मी बाबांसमोरच आईला सगळं सांगितलं. आईने हातातली कणीक तशीच ठेवली.

“अहो, नस एकदा सुकली की परत येत नाही, असं तुम्हीच सांगता ना लोकांना?”

“मला स्वच्छ दिसतंय.”

“तुमचे पेशंटही हेच म्हणतात. जेवताना नक्कल करून दाखवता त्यांची.”

“लॅबच्या मोठ्या डॉक्टर मॅडम काय म्हणतील? अकरा वर्षं ज्या डोळ्यावर मशीन तपासलं, तोच आजारी?”

मग मीच बोलले.

“मी ठरवलंय. उद्या पहिल्या तासाला मी वर्गात नसेन. बाबांबरोबर मॅडमच्या दारात असेन. मेकॅनिक तीनदा का आला, ते बाबा, तुम्ही सांगा. नाहीतर मी सांगणार आहे.”