खालचा ट्रे

मुलांनो, जरा कल्पना करा. औंढ्याच्या माळावर पत्र्याची एक शेड आहे. साल एकोणीसशे एकाहत्तर. आत लोखंडी घोड्यांवर, म्हणजे उंच पायांच्या चौकटींवर, एकाखाली एक ट्रे मांडलेत. आकाशातून सतत पडणारे, डोळ्यांना न दिसणारे कण त्यांतून आरपार जातात आणि प्रत्येक ट्रे त्याची खूण ठेवतो. सगळ्यांत खालच्या ट्रेजवळ, एका गोणपाटावर, हिरी बसली आहे आणि काही केल्या उठत नाही.

"हिरे, जमीन गार आहे. बाकावर बस की," शालूबाई म्हणाल्या.

"हितंच बरंय."

हिरीचा बाप सावळा या शेडचा राखणदार. शालूबाई मुंबईच्या. त्यांच्या आधी इथे काम करून गेलेल्या सरांनी गणकयंत्रासाठी लिहिलेला जुना प्रोग्रॅम त्या नव्याने मांडत होत्या. कुठला ट्रे कुठे आहे, हे सरांनी जागोजाग विखरून लिहिलं होतं. बाईंनी ते एका ठिकाणी आणलं. खालचा ट्रे तेवढा वीतभर डावीकडे लिहिलेला. सरांची चूक असणार, म्हणून त्यांनी तो आकडा सरळ केला. तेव्हापासून यंत्राच्या हिशोबात प्रत्येक कणाची सरळ वाट खाली येऊन मोडायला लागली. म्हणजे ट्रेच जागेवरून सरकलेला, असं बाईंनी धरलं. सकाळी त्या सावळाला म्हणाल्या, "उद्या चार गडी आण. ट्रे सरळ करून टाकू."

"व्हय बाई," म्हणून सावळा आपल्या पायांकडे बघत राहिला.

तेव्हापासून हिरीचं कशात चित्त नव्हतं. शेड होण्याआधी इथं त्यांचं शेत होतं, आणि शेताचा म्हसोबा अजून इथंच, गोणपाटाखाली होता. सांगावं तर दगड उपटून टाकतील. न सांगावं तर उद्या त्याच्या डोक्यावर लोखंडी पाय येईल.

बाई टेप घेऊन आल्या.

"ऊठ बघू. माप घ्यायचंय."

"पायाला मुंग्या आल्यात."

"मग तर उठच."

हिरी उठली, पण एक पाय गोणपाटावरच ठेवून उभी राहिली. बाईंनी तो हलकेच बाजूला केला आणि गोणपाट उचललं.

शेंदूर ताजा होता. बाई उकिडव्या बसल्या. दगडाकडे पाहिलं, मग त्याला चुकवून ठेवलेल्या घोडीच्या पायाकडे.

"सरांना माहीत होतं?"

"त्यांनीच पाय सरकवला. बा म्हनतो, लय भला मानूस. कुनाला बोलले न्हाईत."

"लिहिलंही नाही कुठे," बाई पुटपुटल्या.

त्या टेबलाशी गेल्या. सरळ केलेला आकडा खोडून जुना लिहिला, आणि त्याच्यावर एक ओळ घातली.

"काय लिवलं?"

"इथे म्हसोबा आहे, म्हणून ट्रे वीतभर डावीकडे. हलवू नये."

"मशिनीला कळंल?"

"यंत्र ही ओळ सोडून पुढे जातं. ती मागून येणाऱ्या माणसासाठी."

"आन उद्याचे गडी?"

"कशाला आता?"

हिरीने खाली पडलेलं गोणपाट उचललं, झटकलं, त्याची नीट घडी घातली आणि काखेत मारून घराकडे निघाली.